मूळ प्रत न पाहता

डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं, फॉर्मच्या तिसऱ्या भागावर पेन टेकवलं आणि तो खुर्चीतून उठला. कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. आता डॉक्टर आपल्याला शेजारच्या खोलीत नेणार, बायको इथेच थांबणार, तिच्याजवळ नर्स बसणार, हे सगळं आधीच ठरलेलं असल्यासारखा तो उठला आणि दाराकडे दोन पावलं गेलासुद्धा. "कुठे निघालात? आता प्रश्न तुम्हालाच आहेत," बाई म्हणाल्या. "हो, पण ते हिच्यासमोर नाही ना विचारायचे?" बाईंनी फॉर्मवर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मागचं पानही बघितलं. "तसं काही यात लिहिलेलं नाही. आम्ही दहा-बारा वर्षं असंच विचारतो. बसा तुम्ही." तो बसला. शेजारी बायको मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. पहिल्या दोन भागांत तिला पाच शब्द पाठ करायला लावले होते, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं होतं, आणि तिने सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसवले तेव्हा तो भिंतीकडे बघत राहिला होता. त्यामुळे फॉर्म कुठला आहे हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आता आलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती आणि ती वाचायला त्याला चष्मा लागला नाही. मूळ रशियनवरून इंग्रजीत भाषांतर, उलट भाषांतराने पडताळलेलं. भाषांतर शेजारी बसलेल्या बायकोचं होतं. पडताळणी त्याची होती.

"वस्तू भलत्याच जागी ठेवून देतात का त्या? कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी?" "कधी कधी." "तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात का?" "कधी कधी." "घरातलं माणूस ओळखायला चुकतात?" "कधी कधी." बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्ही सगळ्यालाच कधी कधी म्हणताय. तुमच्या बायकोला सांभाळून घेताय ते कळतं मला, पण यावरच पुढचं सगळं ठरतं. औषध कुठलं, किती, सोबतीला माणूस द्यायचा की नाही. खोटं सांगून त्यांचंच नुकसान होईल." बाईंचं चुकत काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. मग तो खरं सांगायला लागला. बऱ्याचदा. नेहमी. बऱ्याचदा. आपल्या लेकीला ती फोनवर 'आपण कोण' म्हणून विचारते ते त्याने सांगितलं. गॅसचं सांगितलं. बायको सुरुवातीला त्याच्याकडे बघत होती, कौतुकाने नाही पण लक्ष देऊन, कुणी तिसऱ्याच बाईबद्दल चाललंय आणि हा तपशील अचूक देतोय ना एवढंच बघावं तशी. "अंथरूण ओलं होतं का?" "आठवड्यातून दोनदा-तीनदा." "मग त्या सांगतात तुम्हाला?" "नाही. लपवते." "काय लपवतात?" "कपडे." "कुठे?" इथे त्याने थांबायला हवं होतं. फॉर्ममध्ये एवढा तपशील मागितलेलाच नव्हता, बाईंनी आपलं सहज विचारलं होतं. पण एकदा खरं बोलायला लागल्यावर त्याच्या जिभेला हाडच राहिलं नाही. "कार्डांच्या खोक्यात," तो म्हणाला. "मागे, जुन्या कार्डांच्या खाली." आणि ते ऐकून बायकोने मान वळवली, खिडकीकडे पाहिलं, आणि पर्सची चेन उघडली, लावली, उघडली, लावली. शेवटपर्यंत तिच्याकडून तेवढा एकच आवाज येत राहिला.

लिफ्टमध्ये दोघंच होती. तिसऱ्या मजल्यापाशी ती म्हणाली, "खोक्यातलं तुला माहीत होतं." प्रश्न नव्हता तो. "हो." "कधीपासून?" "झाले चार-पाच महिने." "काढून धुवून ठेवत होतास?" "हो." "म्हणजे मी लपवायचे, तू काढायचास." लिफ्ट थांबली, दार उघडलं, बाहेरच्या माणसाने त्यांना उतरायला वाट दिली. फाटकाशी म्हणाली, "मला वाटायचं छान लपवलंय मी." एवढंच. त्याला वाटलं, हिने चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. बसमध्ये तिने नेहमीप्रमाणे खिडकीजवळची जागा घेतली. दोन थांबे गेल्यावर तिचा चेहरा सैल झाला आणि तिने विचारलं, "आपण कुठे जाऊन आलो?" तो म्हणाला, "दवाखान्यात." "कुणाला बघायला?" ती विसरली म्हणून त्याला हायसं वाटलं. आणि ते हायसं वाटलेलं त्याचं त्यालाच इतकं लागलं की तो पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत बसला आणि त्यांचा थांबा मागे पडला.

आता ही उलट भाषांतराची भानगड सांगायला हवी, कारण त्याच्या भाषांतराच्या धंद्याबाहेर ती कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. साधं पुस्तक असेल तर एकाने भाषांतर केलं, दुसऱ्याने डोळ्यांखालून घातलं की झालं. पण माणसाच्या मनाची मोजदाद करणारा फॉर्म असेल, आठवण किती टिकते, लक्ष किती ठरतं, विचार कुठे तुटतो असलं विचारणारा, तर तेवढ्यावर भागत नाही. एकाने रशियनवरून इंग्रजीत न्यायचं. मग ते इंग्रजी दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायचं. त्याने मूळ रशियन पाहिलेलं नसावं, पहिल्या भाषांतरकाराशी बोललेलं नसावं. त्याने फक्त त्या इंग्रजीवरून पुन्हा रशियन करायचं. मग दोन रशियन शेजारी शेजारी ठेवायची. जिथे फरक दिसेल तिथे इंग्रजीत काहीतरी घसरलंय. म्हणजे दुसऱ्या माणसाचं सगळं मोल त्याने मूळ पाहिलेलं नाही यातच. तो शेवटी एक कागद सही करून देतो: मी मूळ प्रत न पाहता हे काम केलं आहे. नवऱ्याला आणि बायकोला दोन टोकांना बसवू नये, हेही त्या नियमांत होतं. पण दोघांची आडनावं वेगळी, पत्रव्यवहार वेगवेगळा, आणि फॉर्म भाषांतर करून घेणाऱ्या प्रकल्पाच्या कार्यालयातल्या समन्वयकाला कामाची घाई. कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. तिला खरं तर ते पसंत नव्हतं. "कळवून टाक त्यांना," ती म्हणाली होती. "कळवतो," तो म्हणाला होता.

तिची काम करायची तऱ्हा म्हणजे छळ होता. बुटांच्या खोक्यांत कार्डं. एका बाजूला रशियन संज्ञा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्या, आणि खाली रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण. उदाहरणाशिवाय कार्ड खोक्यात जायचं नाही. बहुतेक उदाहरणांत नवराच असायचा. लक्ष विखुरणं: चष्मा कपाळावर चढवून तो घरभर चष्मा शोधतो. सवयीची हालचाल: जुन्या घराची किल्ली नव्या घराच्या दाराला लावतो. 'पेरेझिवानिये' या एका शब्दापायी तिने अख्खे दोन महिने घातले होते. हा म्हणाला, अनुभव म्हण आणि पुढे हो. ती म्हणाली, अनुभव तर कशाचाही येतो, बस चुकल्याचाही. हे म्हणजे मनात एखादी गोष्ट होते आणि माणूस ती सोसून तिच्या पलीकडे निघतो, मधलं काही त्याला टाळता येत नाही. इंग्रजीला त्यासाठी एक शब्द नाही तर नाही, तिने तीन ठिकाणी तीन वापरले आणि प्रत्येकाखाली टीप दिली. त्याचे उच्चार मात्र तिच्यापेक्षा चांगले. रशियनच्या वर्गात दोघं भेटली तेव्हापासूनच चांगले, ऐकलं की हुबेहूब तसंच म्हणायचा, म्हणून ती त्याला पोपटराव म्हणायची, आणि तो तिला बाईसाहेब. लग्नानंतर वीस वर्षं बाईसाहेबांनी पोपटरावांचं प्रत्येक पान पेन्सिलीने तपासलं. रागाने नाही, अगदी प्रेमाने, कुशीत शिरून सांगावं तसं. पण वीस वर्षं. लेक लहान असताना म्हणायची, बाबा, तुझ्या वहीत आईने पुन्हा लिहिलं. तो हसायचा. हसताना आत काय व्हायचं ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? बायको हुशार आहे ही काय तक्रार झाली?

आणि मग तो फॉर्म आला. बेचाळीस प्रश्न, मध्ये मध्ये विचारणाऱ्यासाठी सूचना. तिने तिचं इंग्रजी पाठवून दिलं, ते कार्यालयाकडून फिरून त्याच्याकडे आलं. मूळ रशियन तिच्या टेबलावरच पडलेलं. ती दोन दिवस बहिणीकडे गेली होती. पहिल्या दिवशी त्याने सहा प्रश्न प्रामाणिकपणे केले. सातव्याला अडला. शब्द सुचेना असं नव्हतं. तिथे फॉर्म बनवणाऱ्या रशियन संस्थेतली मोठी मोठी माणसं आपलं रशियन त्यांच्या रशियनशेजारी ठेवून बघणार, आणि म्हणणार, हा कोण बावळट, हे त्याला दिसायला लागलं. तो उठला, तिच्या टेबलापाशी गेला, सातवा प्रश्न पाहिला. फक्त सातवा. मग आठवा. दुपारपर्यंत तिचं इंग्रजी त्याने बाजूला सारलं होतं, आणि मूळ प्रत समोर ठेवून तो सरळ उतरवून काढत होता. अगदी तसंच आलं तर शंका येईल म्हणून कुठे एखादा शब्द बदलायचा, कुठे वाक्याचा क्रम फिरवायचा. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला सूचना होती: यापुढील प्रश्न नातेवाइकाला एकट्याला विचारावेत, त्या वेळी रुग्ण खोलीत नसावा. त्याने 'एकट्याला'ऐवजी 'वेगळं बसवून' असं केलं. केवढा आनंद झाला होता त्याला त्या 'वेगळं बसवून'चा. कसं सहज, आपलं आपल्याला सुचल्यासारखं दिसत होतं. बारा वर्षांनी दवाखान्यात त्याचे पाय आपोआप दाराकडे गेले ते त्या आनंदामुळेच. तिच्या इंग्रजीत ती ओळ आहे की नाही हे त्याने पाहिलंच नव्हतं. तिचं इंग्रजी त्याने वाचलंच नव्हतं.

महिन्याभराने पत्र आलं. दोन्ही रशियन प्रतींत असा मेळ क्वचितच दिसतो, उलट भाषांतरकाराची अचूकता अपवादात्मक आहे, वगैरे. ते पत्र तिनेच फोडलं होतं. दारातच वाचलं, लेकीला फोन करून वाचून दाखवलं, आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "पोपटराव, आजपासून मी तुझं काही तपासणार नाही. मला अधिकारच उरला नाही." आणि तिने शब्द पाळला. बारा वर्षांत तिने त्याच्या पानाला पेन्सिल लावली नाही. लोकांना सांगायची, ह्याने मूळ न बघता माझं काम आरपार ओळखलं. कार्यालयाने त्याला नव्या मंडळींना शिकवायला बोलावलं. दर वर्षी दोन दिवस तो उभा राहून सांगायचा की काहीही झालं तरी मूळ प्रतीकडे बघू नका, अडलात तर अडून राहा, तुमचं अडणंच आम्हाला हवंय. छान बोलायचा. पहिल्या वर्षी तोंड कोरडं पडलं होतं, नंतर सवय झाली. आणि आज बायकोला गॅस आठवत नाही, लेकीचा आवाज आठवत नाही, पण ते पत्र आठवतं. मागच्याच आठवड्यात शेजारीण भेटायला आली तर तिला सांगत होती.

घरी आल्यावर तिला पडायला सांगून त्याने कपाटातली त्या फॉर्मची फाइल काढली; मूळ रशियन, तिचं इंग्रजी आणि त्याचं रशियन, तिन्ही प्रती तीत होत्या. मनात एक आशा होती, आणि ती आशा काय होती हे सांगायलाही लाज वाटावी. तिच्या इंग्रजी मसुद्यात आणखीही गोंधळ असावा, ओळी गळालेल्या, शब्द भरकटलेले, म्हणजे म्हणता येईल की आजार तेव्हाच सुरू झाला होता, ही त्याची पहिली खूण होती, बिचारीचा काय दोष, आणि मग आपला तरी काय. त्याने बेचाळीस प्रश्न बोटाने एकेक करून तपासले. स्वच्छ. नेमके. तिने त्या फॉर्ममध्ये इतकं सुरेख काम केलं होतं की आज बारा वर्षांनी पहिल्यांदा वाचताना त्याला हेवा वाटला. फक्त ती एक ओळ नव्हती. लागोपाठ दोन सूचना एकाच शब्दाने सुरू होत होत्या, तिची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर गेली होती आणि मधली ओळ राहून गेली होती. असं कुणाचंही होतं. शिंक आली, फोन वाजला, कुणी चहा विचारला, की होतं. असं होतं हे माहीत असल्यामुळेच तर पलीकडे दुसरा माणूस बसवतात. ती चुकली होती. तो चुकला नव्हता. त्याने केलं होतं ते चूक या शब्दात बसत नव्हतं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "काय म्हणाल्या डॉक्टर?" त्याने सांगितलं, औषध बदललं, सोबतीला बाई मिळेल असं दिसतंय. "आणि आई कशी होती?" "ठीक. तिच्यासमोरच विचारलं सगळं." "सगळं म्हणजे?" "सगळं." "बाबा, आणि तू गप्प बसून उत्तरं दिलीस? त्यांना म्हणायचं नाही का, हिला जरा बाहेर बसवा म्हणून?" "म्हटलं होतं." "मग?" "फॉर्ममध्ये नाही म्हणाल्या." "कुठल्या गाढवाने बनवलाय तो फॉर्म?" लेक म्हणाली. तो म्हणाला, "बघतो." काय बघतो ते त्यालाही ठाऊक नव्हतं. फोन ठेवून तो त्या फॉर्मच्या कोऱ्या प्रतीकडे बघत बसला, जी बाईंनी चौथा भाग घरी भरायला दिली होती. बारा वर्षं. किती दवाखाने असतील, किती खोल्या. कितीजणी पर्सची चेन उघडत-लावत बसल्या असतील, किती नवरे, किती मुलगे कधी कधी, कधी कधी म्हणत आधी चुकवत असतील आणि मग बोलत असतील. त्यांपैकी एकही चेहरा त्याला दिसेना. दिसत होती ती एकच, ताठ बसलेली.

"काय वाचतोयस?" ती दारात उभी होती. केस विस्कटलेले, पण डोळे जागे. दिवसातून अशी एखादी वेळ यायची, तासभर, कधी त्याहून कमी, की ती पूर्वीसारखी असायची. त्याने कागद गोळा करायला हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. ती खुर्ची ओढून बसली, मूळ रशियन आणि इंग्रजी अशा दोन्ही प्रती पुढ्यात घेतल्या, आणि न मागता टेबलावरची पेन्सिल उचलली. ती वाचत असताना तो तिच्या बोटाकडे बघत होता. तिसऱ्या भागाशी बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. तिने दोन ओळींच्या मध्ये सुटल्याची छोटी टोकदार खूण केली. "ही ओळ गेलीय." "हो." "माझं आहे हे इंग्रजी." "हो." "माझ्याकडून सुटली." ती ओशाळली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तरुणपणी व्हायच्या तशा. "मी अशी कशी सोडली? एवढी महत्त्वाची. माणसासमोरच विचारत असतील सगळे." मग तिने त्याची रशियन प्रत उचलली, तोच भाग काढला, आणि बराच वेळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद दिसला, की यात आहे, म्हणजे बरं झालं, कुठेतरी आहे. तो आनंद जाईपर्यंत त्याला वाट बघावी लागली. "माझ्या इंग्रजीत नाही," ती सावकाश म्हणाली, "मग तुझ्याकडे कुठून आली?"

खोटं तयार होतं. कार्यालयाने सूचनांची वेगळी यादी पाठवली होती म्हणता आलं असतं. तिला खरं-खोटं आज तपासता येणार नव्हतं आणि संध्याकाळपर्यंत आठवणारही नव्हतं. त्याच्या हयातीत एवढं सुरक्षित खोटं त्याला पुन्हा मिळणार नव्हतं. "मूळ प्रत बघून केलं," तो म्हणाला. "ही ओळ?" "सगळंच. सातव्या प्रश्नापासून पुढे सगळं. तू बहिणीकडे गेली होतीस." "आणि माझं?" "तुझं वाचलंच नाही." तो वाट बघत होता की ती पत्राचं काढेल, आणि तिने काढलंच. "ते पत्र आलं होतं ना. अपवादात्मक." "हो." "मी सगळ्यांना सांगितलं." "हो." ती पेन्सिल टेबलावर ठेवून उठली. दाराशी जाऊन म्हणाली, "निदान वाचायचं तरी होतंस. मी किती मेहनत केली होती." आणि आत गेली.

तिच्या मागे जायची त्याला हिंमत झाली नाही. तो पत्र लिहायला बसला. कार्यालयाला, आणि एक प्रत डॉक्टरीणबाईंना. त्यात लिहायचं एवढंच होतं की तिसऱ्या भागातली सूचना सुटली आहे, ती आजच्या आज सगळीकडे कळवा. पण ती बारा वर्षं कशी सापडली नाही हे सांगितल्याशिवाय ते कोण मनावर घेणार? आणि सांगितलं की वर्ग संपले, यादीतलं नाव संपलं, त्याने पडताळलेली सगळी कामं कुणीतरी पुन्हा उकरणार, पुढच्या वेळी कुणी भेटलं तर फुटपाथ बदलणार. तेही एकवेळ चाललं असतं. त्याला नको होतं ते वेगळंच. बायको त्या कौतुकाच्या पत्राचं ज्यांना ज्यांना सांगत आली होती त्या सगळ्यांपुढे तिला वेड्यात काढलं जाणार होतं, आणि ते त्याने केलेलं असणार होतं. आज दुसऱ्यांदा. त्याने लिहिलं, खोडलं, लिहिलं. एक मसुदा झाला. इंग्रजी छान होतं. मराठीत सांगायचं तर असं: भाषांतर करताना अनवधानाने एक सूचना गळाल्याचं नुकतंच लक्षात आलं आहे. उलट भाषांतराच्या टप्प्यावर काही ठिकाणी मूळ मजकुराचा आधार घेतला गेल्याने ही त्रुटी नजरेतून सुटली असण्याची शक्यता आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्याने ते दोनदा वाचलं आणि त्याला जरा बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची त्याला ओळख होती, 'वेगळं बसवून'च्या वेळी असंच वाटलं होतं.

"चहा केला नाहीस?" ती पुन्हा दारात. आता चेहरा मोकळा होता, काही न झाल्यासारखा, आणि तिच्यापुरतं काही झालेलंच नव्हतं. तो म्हणाला, "करतो." ती येऊन त्याच खुर्चीत बसली. फाइल तो मिटून बसला होता, समोर फक्त पत्र होतं. तिने ते ओढून घेतलं. "हे कुणाचं?" तो म्हणाला, "एका भाषांतरकाराचं. तपासून हवंय त्याला." का म्हणाला, माहीत नाही. कदाचित एकाच दुपारी पुन्हा तोंडाने सांगण्याइतका जीव त्याच्यात उरला नव्हता. तिने पेन्सिल उचलली. बारा वर्षांनी त्याच्या पानावर ती पेन्सिल टेकली आणि तो चहा ठेवायला उठलेला तसाच टेबलाची कड धरून उभा राहिला. 'आधार घेतला गेल्याने' तिने आडवी रेघ मारून काढलं. वर लिहिलं, 'मी नक्कल केली.' 'काही ठिकाणी' काढलं. 'असण्याची शक्यता आहे' काढलं. 'दिलगीर आहोत'पाशी थोडा वेळ थांबली. "आहोत म्हणजे कोण? दोघं होते का हे?" "नाही, एकटाच होता." "मग आहोत कशाला," ती म्हणाली, आणि तेही दुरुस्त केलं. मग 'गैरसोय' हा शब्द दिसला तशी तिने मान हलवली, तो पूर्ण खोडला, आणि बाजूला स्वच्छ अक्षरांत लिहिलं: 'माणसांना त्यांच्या घरच्यांच्या तोंडून स्वतःबद्दल ऐकावं लागलं.'

"लाज वाटतेय रे बिचाऱ्याला," ती म्हणाली. "दिसतंय. पण शब्दांच्या मागे लपतोय. आणि वाटतंय त्याला, छान लपलोय." तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. "इंग्रजी बरं आहे त्याचं. एवढं बदल म्हणावं आणि पाठव."

तो समोर बसला. कोरा कागद घेतला. तिचा कागद डाव्या हाताला ठेवला, आणि तिच्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं ते सगळं उतरवून काढायला लागला, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. ती शेजारी बसून बघत होती. शेवटी त्याने सही केली, पूर्ण नावाने. ती सही वाचून तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा सहीकडे पाहिलं, आणि चहा ठेवायला ती स्वतःच उठली. मग तिच्याकडून गॅस उघडा राहू नये म्हणून तोही तिच्यामागे गेला.